गाडी तरंगते, मग बर्फाची भीती कशाला?

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत मिनियापोलिसला राहतात. त्यांचे शेजारी हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर जातात, बर्फाला भोक पाडतात आणि गळाने मासे पकडतात. त्यासाठी त्यांनी आठ चाकांची एक बुटकी गाडी घेतली आहे. ती बर्फावर चालते आणि पाण्यात पडली तर बुडत नाही, तरंगते, असे ते सांगतात. जानेवारीत आम्ही दोघे तिकडे जाणार आहोत आणि ‘चला आमच्याबरोबर’ असे आमंत्रण आधीच येऊन पडले आहे. माझ्या काही शंका आहेत. ही गाडी असते तरी कशी? ती तरंगते, तर बर्फ किती जाड आहे याची चिंता कशाला? अशा गाड्या आपल्याकडे आहेत का? आणि मुख्य म्हणजे, आम्ही जावे की नाही? (एक वाचक, सातारा)

उत्तर : तुमचा दुसरा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. अशी गाडी विकत घेणाऱ्या पुष्कळांच्या मनात तोच असतो आणि त्याचे उत्तर चुकीचे समजल्यामुळेच माणसे अडचणीत येतात. म्हणून आधी निकाल सांगतो, कारणे मागून. गाडी तरंगत असली तरी बर्फ मोजावाच लागतो, तोही साध्या मोटारीने जाणारा माणूस मोजतो तितक्याच काळजीने. तरंगण्याचा गुण अपघात झाल्यावर जीव वाचवण्यासाठी आहे. पातळ बर्फावर जाण्याचा तो परवाना नाही. आता तुमच्या शंका एकेक करून घेऊ. विषय समजायला लागतील असे दोन-चार प्रश्न मी माझ्या पदरचे घातले आहेत.

तळे गोठल्यावर मासे जिवंत राहतात कसे?

पाणी सर्वांत जड असते ते चार अंश सेल्सिअसला. थंडी वाढत गेली की चार अंशांचे पाणी तळाशी जाऊन बसते आणि त्याहून गार पाणी वर राहून गोठते. बर्फ पाण्यापेक्षा हलका, घनता साधारण 0.917; त्यामुळे तो वरच तरंगतो आणि खालच्या पाण्याला थंडीपासून आडोसा देतो. त्या पाण्यात मासे सावकाश का होईना, पण हिंडतात, खातात आणि गळाला लागतात. मिनियापोलिस ज्या राज्यात आहे त्या मिनेसोटात या दिवसांत वॉलआय, पर्च, नॉर्दर्न पाइक हे मासे मिळतात. उन्हाळ्यात तिथे एका माणसाला एकच गळ टाकायची मुभा असते, बर्फावर मात्र दोन चालतात. हौशी माणसे गिरमिटाने वीसेक सेंटिमीटर रुंद भोक पाडतात, त्यात ‘सोनार’ हे ध्वनिलहरींचे यंत्र सोडून मासा कुठल्या खोलीवर आहे ते पाहतात आणि घडीच्या तंबूत हीटर लावून बसतात. म्हणजे सामान भरपूर. गिरमिट, तंबू, हीटर, गॅसची टाकी, बॅटऱ्या, खाणेपिणे आणि दोन-तीन माणसे, हे सगळे किनाऱ्यापासून दोन-चार किलोमीटर आत न्यायचे, म्हणून वाहन लागते.

ही गाडी असते तरी कशी?

शेजाऱ्यांची गाडी आठ चाकांची आहे म्हणता, तेव्हा ती बहुधा ‘आर्गो’ असणार. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात न्यू हॅम्बर्ग नावाचे गाव आहे. तिथल्या ‘ओंटारिओ ड्राइव्ह अँड गिअर’ या गिअर बनवणाऱ्या कंपनीने 1967 मध्ये आर्गो बाजारात आणली. त्या सुमारास कॅनडात आणि अमेरिकेत अशा सहाचाकी उभयचर गाड्यांची लाटच आली होती. ‘जिगर’, ‘अँफिकॅट’, ‘हसलर’, ‘मॅक्स’ अशी बरीच नावे होती. पुढे होंडाने 1970 मध्ये फुगीर टायरांची तीनचाकी आणली, तिच्यामागून चारचाकी ‘एटीव्ही’, म्हणजे कुठल्याही जमिनीवर चालणाऱ्या गाड्या, आल्या. त्या वेगवान होत्या, स्वस्त होत्या. उभयचरांचा बाजार ओसरला, बहुतेक कंपन्या मिटल्या. आर्गो टिकली. याच कंपनीने पुढे कॅनडाच्या अवकाश संस्थेसाठी ‘जुनो’ नावाच्या प्रायोगिक रोव्हरचे सांगाडेही बनवले.

गाडीची रचना साधी पण हुशारीची आहे. खालचा सगळा भाग म्हणजे जाड प्लास्टिकचा एकसंध, जलाभेद्य तळ. इंजिन, साखळ्या, गिअर सगळे या तळाच्या आत. बाहेर येतात ते फक्त चाकांचे आस, आणि ते जिथून बाहेर येतात तिथे पाणी शिरू नये म्हणून सील बसवलेली असतात. चाकांना स्प्रिंग नाही, शॉक ॲब्सॉर्बर नाही. धक्के सोसायचे काम कमी हवेच्या फुगीर टायरांचे. मोटारीच्या टायरात साधारण तीस-पस्तीस पीएसआय हवा असते, या टायरांत तिच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. पुढची चाके वळत नाहीत. रणगाडा वळतो त्याच पद्धतीने, एका बाजूची चाके मंद करून, ही गाडी वळवतात. पाण्यात उतरली की टायरांवरचे उंचवटेच वल्ह्यांचे काम करतात आणि ती ताशी चार-पाच किलोमीटर वेगाने, म्हणजे माणसाच्या चालीने, पुढे सरकते. घाई असेल तर मागे बोटीचे छोटे इंजिन लावण्याची सोय असते. पाण्यात जितकी माणसे आणि सामान घेता येते, ते जमिनीवरच्यापेक्षा कमी असते. गाडीवरच्या पाटीवर दोन्ही आकडे वेगळे लिहिलेले असतात.

बर्फावर जायचे तर बहुतेक जण चाकांवरून रबरी पट्टे चढवतात. मग गाडीचा जमिनीवरचा दाब उभ्या माणसाच्या पावलाच्या दाबापेक्षाही कमी होतो. ‘पावलापेक्षा कमी दाब’ या तीन शब्दांत सगळा गैरसमज दडलेला आहे. त्याकडे वळण्याआधी गाडीचे खरे गुण सांगून टाकतो.

साधी मोटार किंवा स्नोमोबाइल का नको?

दोन कारणांसाठी. पहिले, ओल्या बर्फाचा चिखल. तळ्यावरच्या बर्फावर ताजे हिम पडले की त्याच्या वजनाने खालचा थर थोडा दबतो, भेगांतून पाणी वर येते आणि हिमाच्या खाली लपून बसते. वरून सगळे पांढरे आणि कोरडे दिसते, आत मात्र घोटाभर राड. यात चारचाकी एटीव्ही रुतते, स्नोमोबाइलचा पट्टा या राडीने भरतो आणि गाडी थांबली की तिथेच गोठून बसते. कमी दाबाची, पट्टे लावलेली आर्गो मात्र यातून सावकाश निघून जाते. इथे कमी दाबाचा फायदा अगदी खरा आहे.

दुसरे कारण म्हणजे किनारा. हिवाळा सरत आला की काठाची काळी जमीन आधी तापते, तिच्या लगतचा बर्फ आधी वितळतो आणि किनारा व बर्फ यांच्यामध्ये काही मीटर उथळ पाण्याची पट्टी तयार होते. आत बर्फ अजून भक्कम असतो, पण त्यावर पाय ठेवायला वाट नसते. अशी उथळ पट्टी उभयचर गाडी पार करू शकते. तळ उथळ असेल तर चाके जमिनीला टेकलेली असतात आणि वर चढायला जोर मिळतो.

मोठ्या तळ्यांवर आणखी एक अडचण असते. तापमान खालीवर झाले की बर्फाचा विस्तीर्ण थर आकसतो, पसरतो. दोन थर एकमेकांवर रेटून बर्फाचे उंच बांध तयार होतात आणि त्यांच्या बाजूला उघडे पाणी किंवा फार पातळ बर्फ असतो. मिनेसोटातल्या मिल लॅक्स तळ्यावर व्यवसाय करणारे लोक अशा भेगांवर फिरते पूल टाकतात. कॅनडातल्या लेक विनिपेगवर धंद्याने मासेमारी करणारे कोळी अजूनही बोंबार्डिए कंपनीच्या जुन्या ‘बी 12’ या बंदिस्त बर्फगाड्या वापरताना दिसतात. ती गाडी 1940 च्या दशकातली, तरंगत नाही. पण हे कोळी बर्फ वाचून चालतात. उभयचर गाडी घेतलेला नवशिका आणि बी 12 मधला जुना कोळी यांत कुणाबरोबर जाल, असे मला विचारले तर मी डोळे मिटून कोळ्याच्या गाडीत बसेन.

दाब कमी, मग बर्फ फुटेल कसा?

आता मूळ शंकेकडे येऊ. चिखलात गाडी रुतते की नाही, हे चाकाखालच्या दाबावर ठरते. बर्फाचे तसे नाही. तळ्यावरचा बर्फ हा पाण्यावर तरंगणारा एक सलग पत्रा आहे. त्यावर गाडी उभी राहिली की फक्त चाकाखालचा तुकडा दबत नाही. आजूबाजूचा कित्येक मीटरचा पत्रा बशीच्या आकारात खाली वाकतो. पत्रा तुटतो तो या वाकण्याने, आणि किती वाकणार हे ठरते गाडीच्या एकूण वजनावर. गाडीला पट्टे लावा, टायर आणखी फुगीर करा, एकूण वजन काही कमी होत नाही. बाजेवर सतरंजी घालून बसलात म्हणून बाजेला तुमचे वजन कमी वाटत नाही, तसेच हे.

हे मोजण्याचे एक सूत्र कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतले अभियंते लॉर्न गोल्ड यांनी 1971 मध्ये मांडले. आजही कॅनडातले हिमरस्ते आखताना ते पायाभूत मानतात. बर्फाची जाडी सेंटिमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा आणि त्याला एका अंकाने गुणा; उत्तर किलोग्रॅममध्ये येते. सावध हिशेबासाठी हा अंक साडेतीन घेतात. त्या हिशेबाने 10 सेंटिमीटर चांगला बर्फ सुमारे 350 किलो पेलतो, 20 सेंटिमीटर सुमारे 1,400 किलो आणि 30 सेंटिमीटर सुमारे 3,150 किलो. जाडी दुप्पट झाली की ताकद चौपट. हे चांगलेच, पण उलटही तितकेच खरे. जाडी निम्मी झाली की ताकद चौथाईवर येते. तळ्याच्या एका कोपऱ्यात 20 सेंटिमीटर मोजून तुम्ही निश्चिंत झालात आणि पुढे झऱ्यावर बर्फ 10 सेंटिमीटरच निघाला, तर हिशेब अर्ध्याने नव्हे, तीन-चतुर्थांशाने कोसळतो.

आठचाकी आर्गो रिकामी असताना अर्ध्या टनाच्या पुढे भरते. तीन माणसे, तंबू, हीटर, इंधन धरले की आठ-नऊशे किलो सहज होतात. नऊशे किलोला गोल्डच्या सूत्राने 16 सेंटिमीटर लागतात. मिनेसोटाचे नैसर्गिक संसाधन खाते सर्वसामान्यांना जे आकडे देते तेही याच्याशी जुळतात: पायी जायला किमान 4 इंच, स्नोमोबाइल किंवा छोट्या एटीव्हीला 5 ते 6, मोठ्या एटीव्हीला 7 ते 8, छोट्या मोटारीला 9 ते 10 इंच. सामानाने भरलेली आर्गो या यादीत ‘मोठी एटीव्ही’ धरायची, पायी माणूस नव्हे.

शिवाय हे आकडे नव्या, स्वच्छ, काळसर पारदर्शक बर्फाचे आहेत. हिम आणि पाणी मिसळून गोठलेला पांढरा बर्फ जवळपास निम्म्या ताकदीचा, त्यामुळे त्याची जाडी दुप्पट हवी. मार्च-एप्रिलमधला बर्फ आणखी फसवा. तो जाड दिसतो, मोजला तरी जाडच निघतो. पण आतून उभ्या स्फटिकांमध्ये सुटत चाललेला असतो आणि पायाखाली विस्कटून जातो. ओढ्याचे तोंड, पुलाखालची जागा, झरा, दोन बेटांमधला अरुंद प्रवाह या ठिकाणी पाणी हलत असते म्हणून बर्फ पातळच राहतो. म्हणूनच तिथले खाते प्रत्येक सूचनेबरोबर सांगते की शंभर टक्के सुरक्षित बर्फ नसतोच.

पाण्यात पडलीच, तर गाडी तरंगते ना?

तरंगते. तळाचे बूच नीट बसवलेले असेल, सील धड असतील, वजन पाटीवरच्या आकड्याच्या आत असेल आणि गाडी सरळ पडली असेल, तर तरंगते. आत आलेले पाणी उपसायला पंपही असतो. पण त्यानंतर गाडीला पाण्यातून पुन्हा बर्फावर चढायचे आहे, आणि तिथेच बहुतेक गाड्या अडतात.

चित्र डोळ्यांसमोर आणा. आर्गोचे चाक साधारण 60 सेंटिमीटर उंच. गाडी तरंगत असताना पाण्याची पातळी चाकाच्या मध्याच्या आसपास असते. समोर बर्फाची कड पाण्याच्या वर जेमतेम दोन सेंटिमीटर आलेली. म्हणजे चाक त्या कडेला टेकते ते मध्यावर, जवळजवळ उभ्या भिंतीला टेकावे तसे. भिंत ओली, निसरडी. मागून रेटायला पाण्यात फिरणारी चाके, ज्यांचा जोर अगदी थोडा. बर्फ जाड असेल तर गाडी त्यावर चढत नाही. पातळ असेल तर पुढचे चाक वर येते, वजन पडते, कड मोडते आणि गाडी पुन्हा पाण्यात. मग ती तशीच बर्फ मोडत मोडत पुढे सरकत राहते. चांगला बर्फ जिथे सुरू होतो, तिथेच हा खेळ संपतो. आणि चांगला बर्फ आला की पुन्हा चढण्याची अडचण.

म्हणून जाणकार लोक पुढच्या बाजूला विंच (दोरी गुंडाळून गाडी ओढणारे यंत्र) लावतात आणि बर्फात स्क्रूसारखा रुतणारा नांगर जवळ ठेवतात. तो नांगर भक्कम बर्फात रोवायला मात्र कुणीतरी आधी तिथे पोचायला हवे. म्हणून एकट्याने जायचे नाही आणि दोन गाड्या असतील तर त्या अंतर राखून चालवायच्या.

या अडचणीवर उपाय म्हणून रशियात वेगळ्या घडणीची गाडी जन्मली. तिथले कोळी आणि शिकारी ट्रॅक्टर किंवा विमानाच्या टायरांच्या आतल्या ट्यूब वापरून फुगीर चाकांच्या घरगुती गाड्या पूर्वीपासून बनवत; त्यांना ‘काराकात’ म्हणतात. त्याच परंपरेतून सेंट पीटर्सबर्गचे अभियंते अलेक्सेई गारागाश्यान यांनी ‘शेर्प’ बनवली. तिची चाके दीड मीटरहून उंच. तरंगण्याचे बहुतेक काम ती प्रचंड चाकेच करतात. त्यामुळे बर्फाची कड चाकाच्या मध्याच्या खूप खाली टेकते आणि गाडी पाण्यातून सरळ बर्फावर चढू शकते. टायरांत हवा भरायला इंजिनाचाच धूर वापरतात. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने दक्षिण सुदानच्या पूरग्रस्त, दलदलीच्या भागात अन्न पोचवायला या गाड्या वापरल्या आहेत. पण ती फारच महाग. मासे पकडायला जाणाऱ्या सामान्य माणसाच्या हातची ती नाही.

जोरात नेली, तर बर्फ मोडायच्या आत निघून जाता येईल का?

हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण बर्फावर पहिल्यांदा गाडी चालवणाऱ्याच्या पायात तो हमखास येतो. उत्तर : उलटे होते. गाडीखाली वाकलेला बर्फ गाडीबरोबर पुढे सरकतो आणि खालच्या पाण्यात एक लाट निर्माण करतो. लाटेचा स्वतःचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. तीन मीटर खोल पाण्यावर तो ताशी सुमारे 20 किलोमीटर येतो, दहा मीटरवर सुमारे 36. गाडीचा वेग लाटेच्या वेगाशी जुळला की लाट गाडीखाली साठत जाते आणि बर्फ एरवीपेक्षा कितीतरी जास्त वाकतो. किनाऱ्याकडे येताना ही लाट उथळ तळावर आदळून परत फिरते, तिथे धोका सर्वांत अधिक. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडच्या वेढ्यात लाडोगा तळ्यावरून ट्रकचा हिमरस्ता चालवताना सोव्हिएत शास्त्रज्ञांनी बर्फाचे हे वाकणे मोजून काढले होते. कॅनडाचे तटरक्षक दल तर ही लाट कामाला लावते. त्यांची होवरक्राफ्टे नदीवरून नेमक्या वेगाने फिरून मुद्दाम बर्फ फोडतात. तेव्हा बर्फावर गाडी सावकाश चालवायची, आणि किनाऱ्याजवळ आणखी सावकाश.

गाडी उभी करून ठेवली तरी सावध राहावे लागते. वजन तासन्‌तास एकाच जागी राहिले तर बर्फ हळूहळू झुकत जातो. 30 सेंटिमीटर बर्फ पाण्याच्या वर फक्त अडीच सेंटिमीटर असतो. तेवढा झुकला की भोकातून पाणी वर येऊ लागते. मिनेसोटातली सूचना म्हणूनच सोपी आहे : गाड्या एकमेकींपासून निदान 50 फूट लांब ठेवा, दर दोन तासांनी जागा बदला, गाडीशेजारी एक भोक पाडा. भोकातून पाणी वाहू लागले की सामान गोळा करून निघायचे.

पाण्यातून बाहेर आली की सगळे ठीक?

नाही. उणे पंधरा-वीस तापमानात भिजलेली गाडी हा वेगळाच ताप. ब्रेक, पट्टे, विंचची दोरी, सीटचे कुलूप, सगळे काही मिनिटांत गोठते. पट्टे बर्फाला चिकटू नयेत म्हणून गाडी उभी करताना खाली लाकडाच्या फळ्या घालतात. घरी आल्यावर तळाचे बूच काढून आतले पाणी सोडावे लागते. विसरलात तर सकाळी तळाशी बर्फाची लादी आणि तिच्यात रुतलेल्या साखळ्या. सील झिजली असतील तर आसाच्या बेअरिंगमध्ये पाणी शिरते. ती वेळच्या वेळी बदलली नाहीत तर ‘तरंगणारी’ गाडी हळूहळू साधीच गाडी होते, मालकाला न कळता. गाडी बुडालीच तर ती ठराविक मुदतीत बाहेर काढण्याची जबाबदारी मालकाची, आणि पाणबुडे व क्रेन यांचे बिल पुष्कळदा गाडीच्या किमतीशी स्पर्धा करते.

असे अपघात खरेच होतात का?

होतात, आणि त्यांतले मोठे अपघात गाडीच्या प्रकारामुळे होत नाहीत, बर्फाच्या चुकीच्या अंदाजामुळे होतात. 7 फेब्रुवारी 2009 रोजी ओहायोजवळ लेक एरीवर बर्फाला भेग पडली होती. काही मासेमारांनी तिच्यावर लाकडी फळ्यांचा पूल टाकला आणि पलीकडे गेले. दिवस उबदार झाला, वारा सुटला, कित्येक मैल लांबीचा बर्फाचा तुकडा सुटून निघाला आणि भेग पुलापेक्षा रुंद झाली. 130 हून अधिक माणसांना हेलिकॉप्टर आणि पंख्यावर चालणाऱ्या एअरबोटींनी सोडवावे लागले. एकाचा मृत्यू झाला. 29 डिसेंबर 2023 ला मिनेसोटातल्या अपर रेड लेकवर असेच 122 जण सुटलेल्या बर्फावर अडकले आणि त्यांना बाहेर काढावे लागले. तो हिवाळा तिथे विक्रमी उबदार होता. या दोन्ही प्रसंगी भेग रुंद होती आणि वारा वाहत होता. कमी उंचीच्या काठाच्या उभयचर गाडीत बसून लाटांच्या पाण्यात उतरणे म्हणजे एका संकटातून दुसऱ्यात जाणे. या गाड्या शांत पाण्यासाठी आहेत, असे बनवणारेच सांगतात.

माणूस पाण्यात पडला तर किती वेळ असतो, याचा अभ्यास कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातले प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी केला. त्यासाठी ते स्वतः अनेकदा बर्फाच्या पाण्यात उतरले. त्यांचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे : 1-10-1. पहिल्या एका मिनिटात श्वास आवरा, घाबरून पाणी पोटात जाऊ देऊ नका. पुढची दहा मिनिटे हातपाय कामाचे असतात, तेवढ्यात बाहेर या. त्यानंतर हातपाय चालत नाहीत, पण शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो. म्हणजे तरंगवणारे जॅकेट अंगात असेल तर वाचवणाऱ्यांना तेवढा वेळ मिळतो.

आपल्याकडे अशा गाड्या आहेत का?

मासेमारीसाठी नाहीत. लडाखचे पँगाँग सरोवर हिवाळ्यात गोठते, त्यावर 2023 मध्ये अर्धमॅरेथॉनही झाली; पण त्याचे पाणी मचूळ आहे, तिथे बर्फावर बसून गळ टाकण्याची परंपरा नाही. गाडी मात्र आली आहे. शेर्पच्या घडणीवर आधारलेली ‘एटोर एन 1200’ ही मोठ्या चाकांची उभयचर गाडी जेएसडब्ल्यू समूहाची जेएसडब्ल्यू गेको मोटर्स भारतात बनवते. लष्कराने 2023 मध्ये अशा 96 गाड्यांची, सुमारे 250 कोटींची मागणी नोंदवली. 2024 च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ती दिसली आणि ऑगस्ट 2025 मध्ये पंजाबच्या पुरात अडकलेल्यांना बाहेर काढायला लष्कराने ती उतरवली. ती सुमारे बाराशे किलो वाहून नेते आणि पाण्यात ताशी सहा किलोमीटरच्या आसपास चालते. बर्फ, दलदल आणि पूर या तिन्ही ठिकाणी ती चालते, आणि आपल्याकडे तिचे खरे काम पुरातच निघाले.

तर मग आम्ही जावे का?

जरूर जा. मिनेसोटात जानेवारी म्हणजे भर हिवाळा. बहुतेक वर्षी या दिवसांत बर्फ वर्षातला सर्वांत भरवशाचा असतो. फक्त निघण्याआधी शेजाऱ्यांना चार गोष्टी विचारा. आज बर्फ किती इंच आहे आणि तो कुणी, कुठे मोजला? वाटेत गिरमिट किंवा पहार घेऊन पुन्हा मोजणार का? सगळ्यांसाठी तरंगती जॅकेटे आणि बर्फावर हात रोवायला टोच्यांच्या जोड्या आहेत का? आणि गाडीचे बूच बसवले आहे ना? त्यांनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकड्यात दिले तर निःशंक मनाने बसा. ‘बर्फाचे काय घेऊन बसलात, आपली गाडी तरंगते’ असे उत्तर आले, तर त्या दिवशी घरीच थांबा.